वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तासाचा कसा होतो

नव्या वसाहतीच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'शहराच्या मध्यापासून फक्त २० मिनिटांवर'. माणसं घर बघायला सुटीच्या दिवशी सकाळी जातात, रस्ता मोकळा असतो आणि गाडी खरोखरच २० मिनिटांत पोचते. व्यवहार होतो. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी तो रस्ता ४० मिनिटं खातो. चार-पाच वर्षांनी ७५. मधल्या काळात रस्ता एकदा रुंद झालेला असतो, त्यावर उड्डाणपूल आलेला असतो, आणि तरीही ७५.

यात कोणी खोटं बोललेलं नसतं. (जाहिरातवाल्यालाही संशयाचा फायदा देऊ.) अंतर होतं तेवढंच आहे. मग वरची ५५ मिनिटं आली कुठून? बातम्यांमध्ये याचं उत्तर 'वाहनं वाढली' या दोन शब्दांत उरकलं जातं. ते चूक नाही. पण ताप का आला असं विचारल्यावर 'अंग तापलंय म्हणून' असं सांगण्यासारखं आहे. वाहनं का वाढली, आणि ती सगळी त्याच रस्त्यावर त्याच वेळी का आली, हे कळायला रस्ता सोडून शहराच्या आकाराकडे बघावं लागतं.

## वाढ वेगळी, पसारा वेगळा

कपडे घडी घालून कपाटात ठेवले तर दोन फळ्यांवर मावतात. तेच खोलीभर टाकले तर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि हवा तो मोजा सापडेपर्यंत बाहेर पडायची वेळ टळून जाते. कपडे तेवढेच आहेत, वाढलाय तो पसारा. शहरांच्या बाबतीतही हा शब्द याच अर्थाने घ्यायचा. लोकसंख्या वाढते त्याहून जास्त वेगाने शहराने जमीन व्यापली, की तो पसारा.

तो मोजायचं साधं माप म्हणजे घनता: एका हेक्टरवर, म्हणजे १०० मीटर लांब आणि तितक्याच रुंद तुकड्यावर, किती माणसं राहतात. पण घनता कमी असणं हे एकच लक्षण नव्हे. पसरलेलं शहर बहुधा तुटकही असतं. जवळची जमीन महाग म्हणून ती ओलांडून पुढे वसाहत होते आणि मधला पट्टा मोकळा राहतो. शिवाय त्यात कामांची फाळणी झालेली असते: घरं एकीकडे, कचेऱ्या दुसरीकडे, दुकानं तिसरीकडे, शाळा चौथीकडे. प्रवासाच्या दृष्टीने मला ही फाळणी घनतेइतकीच महत्त्वाची वाटते, पण तिच्याकडे लक्ष फार कमी जातं.

शहररचनेचे अभ्यासक आलँ बेर्तो यांनी केलेली एक तुलना या विषयात वारंवार पुढे येते. १९९० च्या सुमारास स्पेनमधल्या बार्सिलोनाची लोकसंख्या २८ लाख होती आणि अमेरिकेतल्या अटलांटाची २५ लाख. म्हणजे जवळपास सारखी. बार्सिलोनाने त्यासाठी १६२ चौरस किलोमीटर जमीन व्यापली होती. अटलांटाने ४,२८० चौरस किलोमीटर. बार्सिलोनाच्या वस्तीतली सगळ्यांत दूरची दोन टोकं ३७ किलोमीटरवर होती, अटलांटाची १३७ किलोमीटरवर. दोन्ही शहरांत माणसं सकाळी कामावर जातात आणि संध्याकाळी परततात, एवढंच काय ते साम्य.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. लोकसंख्या दुप्पट झाली आणि घनता तीच राहिली, तर शहराचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. पण कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतं. लोकसंख्या दुप्पट होताना घनता मात्र निम्मी झाली, तर क्षेत्रफळ ४ पट आणि अंतर २ पट. नुसतं मोठं होण्याची किंमत शहराला परवडण्याजोगी असते. मोठं होता होता विरळही होणं महागात पडतं.

## माणूस प्रवासाला किती वेळ देतो?

१९७० च्या दशकात याकोव्ह झहावी या वाहतूक-तज्ज्ञाने वेगवेगळ्या शहरांतल्या प्रवासाची आकडेवारी तपासली. शहर गरीब असो की श्रीमंत, माणसं पायी जाणारी असोत की मोटारीने, दिवसाचा सरासरी प्रवास साधारण तासाभराच्या आसपास घुटमळत होता. पुढे १९९४ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी हा धागा इतिहासात मागे नेला. तटबंदी असलेली जुनी मोठी शहरं साधारण ५ किलोमीटर व्यासाच्या आतच राहिली, हे त्यांनी दाखवलं. माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो. मध्यापासून तटापर्यंत अर्धा तास, परत अर्धा तास. झाला तास.

मग चाकं आली. १८६३ मध्ये लंडनला भुयारी रेल्वे सुरू झाली, १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये विजेच्या ट्रामचं जाळं चालू लागलं, आणि विसाव्या शतकात मोटार. प्रत्येक वेळी वेग वाढला. त्या हिशेबाने कामावर जायचा वेळ कमी व्हायला हवा होता. झालं असं, की माणसं तेवढ्याच वेळात जितकं लांब जाता येईल तितकं लांब राहायला गेली. ट्रामच्या रुळांच्या कडेने घरं झाली, मोटारीने रुळांपासून दूरची शेतंही वसाहतींना खुली केली. वेळ वाचवायला म्हणून वेग आणला, आणि तो खर्च झाला अंतरावर.

हा तास म्हणजे निसर्गनियम नव्हे, हे सांगायला हवं. ती सरासरी आहे. कोणी १० मिनिटांत कामावर पोचतं, कोणाचे जाऊन-येऊन ३ तास जातात, आणि फार मोठ्या शहरांत सरासरीच तासाच्या बरीच वर असते. पण सवय म्हणून ती चिवट आहे. प्रवास छोटा असेल तर माणूस मोठ्या घरासाठी थोडं लांब जायला तयार होतो. फारच लांब झाला तर घर किंवा नोकरी बदलायला बघतो. गाडं अडतं ते दुसऱ्या अर्ध्यापाशी. घर बदलणं ज्यांना परवडत नाही आणि नोकरी बदलणं ज्यांच्या हातात नाही, ते त्या सरासरीच्या वरच्या बाजूला अडकून पडतात.

## मोकळा रस्ता अचानक का तुंबतो?

आता ती २० मिनिटं आणि ७५ मिनिटं. एखाद्याला वाटेल, गाड्या दुप्पट झाल्या तर वेळ फार तर दुप्पट व्हावा. रस्ता तसं वागत नाही.

सभागृहातून बाहेर पडणारी गर्दी आठवा. वीस जण असतील तर कोणाला थांबावंही लागत नाही. चाळीस असतील तरी फारसा फरक नाही. पण दारातून एका वेळी जितके जाऊ शकतात त्याहून थोडे जरी जास्त आले, की मागे रांग साचते, आणि प्रत्येक नवा माणूस आधीच्या सगळ्या रांगेचा वेळ आपल्या खात्यात घेऊन उभा राहतो.

वाहतूक अभियंते यासाठी १९६४ चं एक सूत्र अजून वापरतात. अमेरिकेच्या तेव्हाच्या रस्ते विभागाने ते मांडलं होतं. त्यात रस्त्यावरचा भार आणि रस्त्याची क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात घेतात. सूत्र बाजूला ठेवू, त्यातून निघणारे आकडे पाहू. मोकळ्या रस्त्यावर २० मिनिटं लागतात असं धरा. क्षमतेच्या निम्म्या गाड्या असताना वेळ २० मिनिटांवर जवळपास तसाच राहतो. क्षमतेइतक्या गाड्या आल्या की २३ मिनिटं. दीडपट आल्या की ३५. दुप्पट आल्या की ६८ मिनिटं. प्रत्यक्ष रस्ता इतका शिस्तीत आकडे पाळत नाही, पण चढाची तऱ्हा हीच: बराच काळ काही होत नाही, आणि मग एकदम कडा चढावा तसा वेळ चढतो.

म्हणूनच वसाहतीत पहिली राहायला आलेली माणसं खूश असतात. ती त्या चढाआधीच्या सपाट भागात असतात. त्यांच्यामागून आलेली प्रत्येक वसाहत त्याच नरसाळ्यात आपलं पाणी ओतते, कारण विरळ आणि तुटक वाढीत गल्ल्यांचं जाळं क्वचितच तयार होतं. प्रत्येक वसाहतीचा एक फाटा निघतो, तो एका मोठ्या रस्त्याला मिळतो, आणि तो रस्ता शहराकडे जातो. पर्यायी वाटच नसते. जुन्या दाट वस्तीत एक गल्ली बंद असेल तर शेजारच्या गल्लीने जाता येतं. इथे मुख्य रस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला की दहा वसाहतींची सकाळ अडते.

## मग रस्ता रुंद करा की!

सगळ्यांच्या मनात येणारा उपाय हाच, आणि तो करून पाहिलेला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे २००८ पर्यंत इतका रुंद केला गेला, की सगळ्यांत रुंद जागी, कडेचे जोडरस्ते धरून, त्याला २६ मार्गिका झाल्या. पुढे २०११ ते २०१४ या काळात त्याच रस्त्यावर सकाळच्या गर्दीतला प्रवासाचा वेळ सुमारे ३० टक्के आणि संध्याकाळचा सुमारे ५५ टक्के वाढला.

हे का घडतं याची मांडणी अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच केली होती. रस्ता रुंद झाला की तीन प्रकारची माणसं तिथे येतात. आधी आडरस्त्याने जाणारी आता इकडे वळतात. गर्दी टाळायला पहाटे निघणारी आता सोयीच्या वेळी निघतात. बसने किंवा रेल्वेने जाणारी गाडी बाहेर काढतात. पुढच्या काही वर्षांत चौथा प्रकार येतो, आणि आपल्या विषयाला तोच लागू आहे: रस्ता चांगला झाला म्हणून त्याच्याही पलीकडे घर घेणारी. मोठं कपाट आणलं की महिन्याभरात ते भरतं, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. जिल दुरांतो आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महामार्गांची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की शहरातल्या मार्गिकांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात एकूण गाड्यांची धावही वाढते.

याचा अर्थ रस्ते बांधणं व्यर्थ आहे असा काढू नये. रुंद रस्त्यावरून जास्त माणसं जातात आणि त्यांना हव्या त्या ठिकाणी पोचता येतं, हा खरा फायदा आहे. ह्यूस्टनमध्येही वाढत्या वस्तीला त्या रस्त्याने वाहून नेलंच. फक्त 'आता कोंडी संपेल' या आश्वासनावर तो विकू नये. आणि एक बाब रेल्वेच्या चाहत्यांना (त्यांत मीही आलो) गिळावी लागते: दुरांतो आणि टर्नर यांच्या त्याच अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही रस्त्यावरची गाड्यांची धाव कमी झाल्याचं दिसलं नाही. एक गाडी घरी राहिली की मोकळी झालेली जागा दुसरी भरते. मेट्रो रस्ता मोकळा करत नाही. ज्याला रस्त्यावर अडकायचं नाही त्याला ती दुसरी वाट देते, आणि एवढ्यावरच तिची किंमत वसूल होते.

## बस का येत नाही?

विरळ वसाहतीतल्या माणसाची तक्रार असते: 'बस असती तर गाडी कशाला काढली असती?' तक्रार रास्त आहे. पण बसची बाजूही ऐकू.

माणूस बसथांब्यापर्यंत साधारण ४०० मीटर, म्हणजे ५ मिनिटं, कुरकुर न करता चालतो. थांब्याभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. वर पाहिलेल्या दोन शहरांची घनता आता उपयोगी पडेल. बार्सिलोनात हेक्टरी १७१ माणसं होती, म्हणजे अशा एका वर्तुळात साडेआठ हजार. अटलांटात हेक्टरी ६, म्हणजे एका वर्तुळात ३००. त्या ३०० मधून लहान मुलं, घरी असणारे, वेगळ्याच दिशेला जाणारे आणि गाडीनेच जाणारे वजा करा. सकाळच्या तासात थांब्यावर किती उरतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्यांसाठी दर १० मिनिटांनी बस सोडायची तर ती रिकामी धावेल. म्हणून ती तासाला एक सुटते. तासाला एक बस म्हणजे चुकली तर तासभर ताटकळणं, म्हणून ज्यांना शक्य आहे ते गाडी घेतात, प्रवासी आणखी घटतात, आणि पुढच्या वर्षी तीही फेरी बंद होते. गर्दीच्या मार्गावर याच्या बरोबर उलटं घडतं. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात, फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचं थांबणं कमी होतं. हर्बर्ट मोरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये हा परिणाम दाखवून दिला. रस्त्यावर आलेला नवा प्रवासी तुमचा वेळ वाढवतो. बसमध्ये आलेला नवा प्रवासी, तुमची बसायची जागा गेली तरी, तुमचा वेळ कमी करू शकतो.

रेल्वेचं तर आणखी कठीण. त्या काळात बार्सिलोनाच्या ९९ किलोमीटरच्या मेट्रोला १३६ स्थानकं होती आणि शहरातली ६० टक्के माणसं स्थानकापासून ६०० मीटरच्या आत राहत होती. अटलांटात ७४ किलोमीटरची मेट्रो होती, पण स्थानकापासून ८०० मीटरच्या आत राहणारे होते ४ टक्के. बार्सिलोनाइतकी सोय द्यायची तर अटलांटाला सुमारे ३,४०० किलोमीटर रूळ आणि २,८०० स्थानकं लागली असती, असा बेर्तो यांचा हिशेब आहे. इतके पैसे जगातल्या कुठल्याच शहराकडे नाहीत.

विरळ शहरात गाडी ही म्हणूनच चैन राहत नाही, कामावर जाण्याचं प्रवेशशुल्क होऊन बसते. ज्याला ते भरता येत नाही, त्याच्यासाठी शहरातल्या निम्म्या नोकऱ्या असून नसल्यासारख्या.

## 'पण कचेऱ्याही बाहेर येतातच ना?'

हा आक्षेप वजनदार आहे. घरं बाहेर गेली तर त्यामागून कामंही बाहेर जातात. मग शेवटी प्रत्येकाला आपल्या जवळच काम मिळायला नको का? पीटर गॉर्डन आणि हॅरी रिचर्डसन या अभ्यासकांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून हेच मांडलं होतं. शहरं पसरत असतानाही प्रवासाचा सरासरी वेळ फारसा वाढत नव्हता, कारण माणसं आणि कंपन्या दोघंही जागा बदलून एकमेकांजवळ येत होती.

यात तथ्य आहे. उपनगरातून उपनगरात मोटारीने जाणारा माणूस मैल जास्त कापतो, पण मोकळ्या रस्त्यामुळे वेळेत पोचतो. तथापि हा हिशेब तीन ठिकाणी अडतो. एक, घरात कमावणारे बहुधा दोघं असतात. एकाचं काम उत्तरेला, दुसऱ्याचं दक्षिणेला. घर मात्र एकच. ते दोघांच्याही जवळ असणं शहर आटोपशीर असतानाच शक्य होतं. दोन, नोकऱ्या बदलतात, घर इतक्या सहज बदलत नाही. आज दाराशी असलेली कचेरी तीन वर्षांनी तुमची नसते, आणि पुढची कुठल्याही टोकाला निघू शकते. तीन, कामाच्या जागा बाहेर आल्या तरी त्या एका ठिकाणी न येता विखरून येतात. मध्यवर्ती भागात जाणाऱ्या लोकांसाठी रेल्वे बांधता येते. तीस वेगवेगळ्या ठिकाणांहून तीस वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी कुठली रेल्वे बांधणार?

ब्रूस हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने १९८२ मध्ये एक गमतीदार प्रश्न विचारला होता. शहरातली घरं आणि नोकऱ्या आहेत तिथेच ठेवून माणसांची नुसती अदलाबदल केली, तर प्रवास किती कमी होईल? त्याला उत्तर मिळालं की प्रत्यक्ष प्रवास हा शक्य तितक्या कमी प्रवासाच्या सुमारे ८ पट आहे. पुढच्या संशोधकांनी हा आकडा बराच खाली ओढला आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण मूळ मुद्दा टिकला. 'घराजवळ काम आहे' आणि 'घराजवळ माझं काम आहे' या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

## 'लांब गेलं तर घर स्वस्त मिळतं, हे काय थोडं झालं?'

थोडं नाहीच. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी शहरातल्या जमिनीच्या किमतीचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा हाच आहे: मध्यापासून दूर जाताना जमीन स्वस्त होते आणि प्रवास महाग, आणि प्रत्येक कुटुंब या दोन्हींचा मेळ घालून आपली जागा निवडतं. सिद्धान्तानुसार लांब राहणारा आणि जवळ राहणारा शेवटी सारखेच समाधानी असायला हवेत. एकाला घर मोठं, दुसऱ्याला वेळ मोकळा.

ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर यांनी हे जर्मनीतल्या लोकांच्या अनेक वर्षांच्या उत्तरांवरून तपासलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. समाधान सारखं निघालं नाही. ज्यांचा प्रवास लांब होता ते आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. स्वस्त घराने किंवा जास्त पगाराने ती तूट भरून निघालेली नव्हती. त्याआधी २००४ मध्ये डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातला प्रत्येक प्रसंग आठवून तो कसा वाटला ते लिहायला सांगितलं होतं. यादीत सगळ्यांत तळाला होता सकाळी कामावर जाण्याचा प्रवास.

इतकी शहाणी माणसं अशी चूक का करतात? माझा अंदाज असा, की घराची किंमत एकदाच, ठळक आकड्यात समोर येते. प्रवासाची किंमत रोज थोडी थोडी जाते आणि तिची पावती कोणी देत नाही. ती फाडून बघू. जायला ७५ आणि यायला ७५ मिनिटं, वर्षाला २४० दिवस: ६०० तास. आठ-आठ तासांच्या ७५ पाळ्या, बिनपगारी. जाहिरातीतल्या २० मिनिटांनी हाच आकडा १६० तास होता. शिवाय वेळ रोज सारखा लागत नाही. कधी ५०, कधी ११०. वेळेवर पोचायचं तर दर दिवशी वाईटात वाईट धरून निघावं लागतं, आणि लवकर पोचलेली ४० मिनिटं दारात उभं राहून जातात.

ही किंमत सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कामगारांबद्दल दाखवलं, की घरं देताना होणाऱ्या वर्णभेदामुळे ते शहराच्या मध्यभागी अडकले आणि नोकऱ्या उपनगरात गेल्या, तेव्हा त्यांच्या हातून कामं निसटली. उलट्या बाजूनेही तेच होतं: गरीब कडेला ढकलले गेले आणि कामं मध्यात राहिली, की कमाईचा मोठा हिस्सा आणि झोप दोन्ही प्रवासात जातात. घरातल्या मुलांची आणि आजाऱ्यांची जबाबदारी ज्या व्यक्तीवर असते, आणि ती बहुतेक वेळा बाई असते, ती दीड तासावरची चांगली नोकरी सोडून १५ मिनिटांवरची कमी पगाराची धरते. प्रवासाच्या आकडेवारीत तिचा प्रवास 'छोटा' दिसतो. तिने सोडलेला पगार कुठल्याच रकान्यात नसतो.

## घरून काम केलं की प्रश्न मिटला?

काही जणांचा अर्धा मिटला. २०२० नंतर ज्यांना आठवड्यातून दोनदाच कचेरीत जावं लागतं, त्यांच्या फेऱ्या खरंच घटल्या. पण तासाभराची जुनी सवय इथेही आडवी येते. रोज जायचं नसेल तर माणूस आणखी लांब जायला तयार होतो. महासाथीच्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या मध्यभागातून माणसं आणि घरांची मागणी कडेकडे सरकल्याचं निकोलस ब्लूम आणि अर्जुन रमाणी यांनी दाखवलं. शिवाय परिचारिका, वाहनचालक, सफाई कामगार, गवंडी, विक्रेता यांचं काम पडद्यावरून होत नाही. पसरलेल्या शहराची सेवा करायला त्यांना मात्र रोज आणि अधिक दूर जावं लागतं.

## जिथे थोडंफार जमलं

कोपनहेगनने १९४७ मध्ये हाताच्या पंजासारखी आखणी केली. तळवा म्हणजे जुनं शहर, पाच बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेचे पाच मार्ग. नवी वस्ती बोटांवर व्हावी, बोटांच्या मधली जागा मोकळी राहावी. शहर वाढलंच, पण रेल्वेच्या आधाराने वाढलं. आधी रूळ की आधी घरं, हा क्रम यात निर्णायक ठरतो. माणसांनी एकदा गाड्या घेऊन आपलं रोजचं वेळापत्रक त्यांभोवती बसवलं, की नंतर आलेली रेल्वे त्यांना परत मिळवताना जेरीस येते.

दुसरा उपाय कोणालाच आवडत नाही: गर्दीच्या वेळी रस्ता वापरायला पैसे घेणं. सिंगापूरने १९७५ मध्ये हे सुरू केलं, लंडनने २००३ मध्ये. स्टॉकहोमने २००६ मध्ये ७ महिने प्रयोग म्हणून शुल्क लावलं, आणि मध्यभागात ये-जा करणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटली. सूत्रातला तो कडा आठवा: तिथे उभ्या असलेल्या रस्त्यावरून पाचातली एक गाडी काढली की कोंडी बरीच सुटते. प्रयोग संपताच बहुतेक गाड्या परत आल्या. मग नागरिकांनी सार्वमतात शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ मध्ये ते कायम झालं. गरिबावर याचा भार पडतो का? पर्यायी बस नसेल तर नक्की पडतो. म्हणून बस आधी.

तिसरा उपाय सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत जास्त भांडणाचा: कामं असलेल्या भागात घरांना जागा देणं. कित्येक शहरांत मध्यभागी किती मजले चढवायचे, घरांच्या शेजारी कचेरी चालेल की नाही, प्रत्येक घरामागे वाहनतळ किती हवा, याचे नियम इतके आवळलेले असतात की जवळ राहू इच्छिणाऱ्यालाही बाहेर जावं लागतं. पसारा नेहमी लोकांच्या आवडीने होतो असं नाही. बऱ्याचदा तो नियमांनी ढकललेला असतो. अर्थात नुसती घनता वाढवून बस, पदपथ आणि पाणी विसरलं, तर आगीतून निघून फुफाट्यात.

## आणि ज्याला या महिन्यात घर घ्यायचंय त्याचं काय?

त्याच्या हातात शहराची आखणी नाही. पण सुटीच्या सकाळी जाणं त्याने टाळावं. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामावर पोचायच्या वेळेचा हिशेब धरून त्या घरापासून निघावं, आणि संध्याकाळी परत यावं, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. घरातल्या दुसऱ्या कमावत्याचा रस्ताही असाच पाहावा. बस असेल तर शेवटची किती वाजता सुटते ते विचारावं. मग गच्चीवर जावं आणि घराकडे नव्हे, त्याच्या पलीकडे बघावं. त्याच रस्त्याला लागून, शहरापासून आणखी लांब, किती इमारतींचे सांगाडे उभे आहेत ते मोजावं. त्यांच्या गाड्या अजून रस्त्यावर आलेल्या नाहीत.